सोळाचा राग

धारगळला हमरस्त्याच्या कडेला कलिंगडांचा एक मांडव आहे. तिथे थांबायचे नाही असे ठरवून मी दर शनिवारी घरातून निघतो आणि दर शनिवारी थांबतो. मुळगावहून निघालो की अस्नोड्यापर्यंत मन बरे असते. कोलवाळचा पूल मागे पडला की हात आपोआप गाडीचा वेग कमी करू लागतात. मांडवात एक मुलगी उभी असेल, हे मला ठाऊक असते. ती तिथे उभी आहे याला मीही कारण आहे, हेही ठाऊक असते. पेडण्यात दुपारी गणिताचा जादा वर्ग असतो. आम्ही दोघे-तिघे शिक्षक मिळून तो चालवतो, आणि ती मुलगी त्या वर्गात बसलेली असायला हवी होती.

मी पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला गणित शिकवतो. वय पन्नाशीकडे झुकले आहे. इतकी वर्षे मी मुलांचे गुण मोजत आलो. कुणाला काय येते, ते कागदावर दिसते. पण कुणाला शिकावेसे वाटते, हे कुठे दिसते? एकाला सगळे येत असते आणि तो जांभया देतो. दुसऱ्याला काही येत नसते, तरी तो फळ्याकडे भुकेल्यासारखा बघतो. हे आतले वाटणे मोजता आले तर काय बहार होईल, असे मला सारखे वाटायचे. मागच्या वर्षी मी शिक्षकांच्या एका अभ्यासक्रमाला नाव घातले. त्यात प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला मुलांची गणिताची ओढ मोजण्याचा.

मी पट्टी तयार केली. पंधरा वाक्ये, आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ‘गणित सोडवताना मला आनंद होतो.’ ‘गणिताचा तास संपू नये असे मला वाटते.’ मुलाने आपल्या मनासारख्या चेहऱ्यावर खूण करायची. रडक्याला एक गुण, हसऱ्याला पाच. सगळ्यांची बेरीज केली की झाली त्या मुलाची ओढ. वाक्ये लिहिताना मी दोन महिने खपलो. जेवताना वाक्ये, आंघोळीला जाताना वाक्ये. शेवटी बायको म्हणाली, “तुमी पोरांची आवड मोजतात. माझी केन्ना मोजल्या? माका खंयचो चेहरो दितले?” मी हसलो. पण तिला काय आवडते ते खरेच चटकन आठवले नाही, आणि मी पुन्हा कागदात डोके घातले.

ज्या दिवशी पट्टी वर्गात दिली, त्या दिवशी सकाळी मी फळ्यावर एक गणित घातले होते. लागोपाठचे आकडे मिळवून कोणकोणते आकडे तयार होतात? चार आणि पाच मिळून नऊ. एक, दोन, तीन, चार मिळून दहा. पंधरा तर तीन तऱ्हांनी होतो. मुलांना मजा आली. आकड्यांचा ढीग पडला. मग मांडवातली ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, सोळा जायना.”

मी म्हटले, “कर, कर, होईल.”

का म्हटले? मला माहीत होते की होणार नाही. पण तास संपत आला होता, आणि शिक्षकाच्या तोंडातून असे शब्द आपोआप बाहेर पडतात.

दुपारी मी कागद वाटले. एका मुलाने विचारले, “सर, ह्येचे मार्क धरतले?” मी नाही म्हणून सांगितले. एकानेही विश्वास ठेवला नाही. ज्याने विचारले होते, त्याने पंधराच्या पंधरा वाक्यांपुढे हसऱ्या चेहऱ्यावर खुणा करून सगळ्यांत आधी कागद दिला आणि मैदानावर पळाला. ती मुलगी मात्र शेवटपर्यंत बसून होती. प्रत्येक वाक्य दोनदा वाचत होती आणि पेन्सिल इतकी दाबत होती की टोक मोडले. तिच्या कागदावर जवळजवळ सगळे रडके चेहरे.

घरी बेरजा केल्या. त्या मुलाला पंच्याहत्तर, सगळ्यांत वर. त्या मुलीला सव्वीस, सगळ्यांत खाली.

आता जे लिहितो ते लिहायला जड जाते. मुलगी वर्गात पहिल्या दोघांत असायची. सव्वीस बघून माझ्या मनात शंका यायला हवी होती. ती आलीही, पण पट्टीबद्दल नाही, मुलीबद्दल आली. ‘गुण आहेत, ओढ नाही,’ असे मी लिहून काढले, आणि लिहिताना मला बरे वाटले. अभ्यासक्रमात मांडायला असे काहीतरी वेगळे हवेच असते. एका मुलीच्या मनात काय आहे, यापेक्षा माझ्या प्रकल्पात काय शोभेल, याकडे माझे लक्ष होते. हे त्या वेळी कुणी मला सांगितले असते तर मी भांडलो असतो.

पालकांची सभा झाली. तिचा बाप आला. हमरस्ता रुंद झाला तेव्हा त्याचा मांडव दोनदा मागे सरकला, तरी त्याने जागा सोडली नाही. शेतात कलिंगडे लावतो, सोबत नारळ, केळी, पावसात तवशी, म्हणजे काकड्या. शनिवार-रविवार हे त्याचे खरे दिवस. किनाऱ्यावर आणि विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या तेव्हाच थांबतात. तो शेतातून माल आणायला गेला की मांडव ती मुलगी सांभाळते. एवढे असूनही तो मला म्हणाला, “सर, त्या शनवारच्या वर्गाक तिका धाडतंय. माझी बायल उबी ऱ्हवात मांडवात. पण माका येक सांगा. तिका आवड असा मां? आवड असली तर धाडतंय. नसली तर उगीच बसची ये-जा कित्याक?”

इतका सरळ प्रश्न इतक्या वर्षांत मला एकाही पालकाने विचारला नव्हता. सगळे गुण विचारतात. आणि माझ्याकडे उत्तर तयार होते! मी कपाटातून तिचा कागद काढला, बेरीज दाखवली, वर्गातल्या इतरांचे आकडे तोंडी सांगितले. मुलांनी लिहिलेले कुणाला दाखवायचे नाही, हे अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी शिकवले होते. मी दाखवले. बापाने ते रडके चेहरे बघितले. एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवले.

“ह्यां तिणां केलां?”

“हो.”

“बरां झालां सांगल्यात,” तो म्हणाला. “तिका त्रास दिऊक नको मगे.”

पुढच्या शनिवारी ती वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तो पंच्याहत्तरवाला मुलगा मात्र येत होता. त्याच्या आईला तो आकडा मीच उत्साहाने सांगितला होता. तो खिडकीजवळ बसून बाकावर बोटांनी ताल धरायचा आणि बाहेर क्रिकेट कोण खेळतेय ते बघायचा.

शाळेत ती माझ्याशी बोलत नव्हती. उत्तर द्यायची, पण डोळे वहीत. म्हणून एका शनिवारी मी मांडवापाशी गाडी थांबवली. बाप शेतात गेला होता. ती एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे लिहीत होती. मी विचारले, वर्गाला यावेसे वाटत नाही का?

“तुमीच सांगल्यात मां बाबांक, माका आवड नाय म्हणान?”

“मी नाही सांगितलं. तू कागदावर लिहिलंस.”

“मी खंय तशां लिवलां?” ती भडकली. “तुमी इचारल्यात तां मी लिवलां!”

मग मी एकेक वाक्य तिला विचारले. ती सगळी मला पाठ होती. गणित सोडवताना आनंद होतो?

“खंयचो आनंद? सोळा सुटणा नाय म्हणान माका रडू येय होतां.”

तास संपू नये असे वाटते?

“संपाकच होयो होतो. तास संपल्याशिवाय माका येकटीक करूक मेळणा नाय. तुमी मदीच सांगतात.”

इतरांबरोबर सोडवायला आवडते?

“ती उत्तर आयकाक येतत.”

गणित सोडवताना माझे मन शांत असते? यावर तिने माझ्याकडे एखाद्या खुळ्याकडे बघावे तसे बघितले. “सर, शांत आसल्यार सुटतलां कसां?”

एक गाडी थांबली. तिने दोन कलिंगडे बोटाने टकटक वाजवून त्यांतले एक निवडून दिले, पैसे घेतले, आणि परत येऊन पुठ्ठा उलटा केला. मी बघू नये म्हणून.

त्या दिवशी पेडण्याच्या वर्गात मी काय शिकवले ते मला आठवत नाही. माझी पट्टी खुशालीचे माप घेत होती. ज्याला गणिताने धरलेच नाही, तोच शांत आणि हसरा असणार. जिला धरले, तिला अन्न गोड लागत नाही, झोप लागत नाही, राग येतो. मला स्वतःला तरी कधी गणिताने शांत केले होते? लहानपणी एखादे उदाहरण अडले की मी आईवर खेकसायचो. हे ठाऊक असून मी पंधरा गोड वाक्ये लिहिली. कारण मोठ्या माणसांना मुले गोड हवी असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या बापाकडे गेलो. तो शेतात पाण्याचा पाइप ओढत होता. मी सांगितले की चूक माझी, पट्टी चुकीची, मुलीला ओढ आहे, फार आहे, तिला वर्गाला धाडा. मी भरभर बोलत होतो. त्याने पाणी बंद केले आणि शांतपणे सगळे ऐकून घेतले.

“सर, कागद तुमचोच. तेन्ना खरो होतो, आता खोटो? तुमका बावीस पोरां, माका येक. मी खंयच्या सरांचां आयकू, तेन्नाच्या काय आताच्या?”

त्याने पाइपाचे टोक खाली टाकले.

“देवाक इचारूया,” तो म्हणाला. “तो तरी शब्द फिरवणा नाय. सरांच्या कागदार सव्वीस पडले, आता देव काय पाडता तां बघूया.”

सव्वीस पडले! कौलाला पाकळ्या पडतात, तसे. तेव्हा मला कळले की त्याने माझा कागद पहिल्यापासून कसा घेतला होता. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, मुलाची नोकरी, सगळ्याला कौल लावतात. देवाच्या मूर्तीला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि बघत राहायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा कौल मिळाला की त्याच्यावर वाद नाही. त्याने माझ्या सव्वीसवर वाद घातला नव्हता, तो याचमुळे.

सोमवारी शाळेआधी आम्ही देवळात गेलो. बाप, मुलगी आणि मी. मी का गेलो? मला कुणी बोलावले नव्हते. घरी बसवेना म्हणून गेलो.

गुरवाने पाकळ्या भिजवल्या, मूर्तीला लावल्या आणि विचारले, “कसां घालू गाऱ्हाणां? सारक्यां सांगा, देवाक घोळ चलणा नाय.”

“चेडवाक गणिताची आवड असा काय नाय, तां इचार,” बाप म्हणाला.

“तसं नका विचारू!” माझ्या तोंडून निघून गेले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी अडखळत म्हणालो, “आवड आहे का, ते नको. तिला शनिवारी पेडण्याला धाडू का, एवढंच विचारा.”

“सर देवाकय प्रश्न काढून दितत,” गुरव बापाला म्हणाला आणि हसला. पण माझा प्रश्न त्याने घेतला. “बा देवा म्हाराजा, ह्यां चेडू शनवारी पेडण्याक वर्गाक धाडूचां आसात तर उजवी दी...” आणि आम्ही म्हटले, “व्हय म्हाराजा.” मीही म्हटले. माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला.

मग वाट बघणे. समईची वात हलत होती. मी उजव्या पाकळीकडे टक लावून बसलो. पडावी म्हणून मी जे काही मनात बोललो ते इथे लिहवत नाही. गणिताचा शिक्षक मी.

डावी पडली.

बापाने नमस्कार केला. गुरवाने तीर्थ दिले. तेवढ्यात ती मुलगी, जी आतापर्यंत खांबाला टेकून उभी होती, पुढे झाली आणि म्हणाली, “परत लावल्यार परत तीच पडतली?”

“गप गो!” बाप म्हणाला.

गुरव रागावला नाही. “बाय, तोच प्रश्न त्याच तोंडान देवाक दोनदां घालूचो नसता.”

“मगे कळतलां कसां?” ती पुटपुटली. तिचा चेहरा वर्गात असतो तसाच रागावलेला होता, आणि मला एकदम आठवले की मीही एकदाच विचारले होते. एका दुपारी, सोळा अडलेला असताना. दुसऱ्या दिवशी विचारले असते तर तिने काय लिहिले असते? मी पुन्हा विचारलेच नाही. देवाला विचारायची तशी रीत तरी आहे. मला कसली रीत होती?

त्या आठवड्यात मी ठरवले की आता त्या मांडवाकडे फिरकायचे नाही. माणसाने एक चूक करावी, ती निस्तरायला जाऊन आणखी करू नये. शनिवारी मी थांबलो आणि कलिंगड घेतले. पुढच्या शनिवारीही घेतले. बायको म्हणाली, घरात आता कलिंगडाशिवाय दुसरे काही खायचे की नाही? तिसऱ्या वेळी बापानेच विचारले, “सर, तुमचां घर काय कलिंगडार चलता?”

मी काहीतरी बोललो. ती पाठमोरी होऊन फळे लावत होती.

“देवान तिका पेडण्याक धाडू नको म्हणान सांगलां,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. कलिंगडावरची माती तो फडक्याने पुसत होता. “तुमका हयसर थांबू नको म्हणान खंय सांगलां? पाटलो उलटो करून बसा. कलिंगड घेवकच होयां, अशां नाय.”

म्हणून मी टोपली उलटी घालून बसतो. अर्धा तास, कधी त्याहून कमी. मध्ये गाड्या येतात, ती उठते, परत येते. हे तिच्यासाठी आहे की माझे मन हलके व्हावे म्हणून, ते मला सांगता येत नाही. वर्गातली बाकीची मुले मला असा अर्धा तास मिळवू शकत नाहीत, हेही टोचते. त्या पंच्याहत्तरवाल्या मुलाच्या आईला मी अजून काही बोललेलो नाही. प्रकल्प अर्धा पडला आहे. अभ्यासक्रम घेणाऱ्या बाईंचा दोनदा फोन येऊन गेला. मी पट्टीतली वाक्ये खोडतो, नवी लिहितो. ‘गणित अडले की मला राग येतो.’ पण गणिताचा तिटकारा असलेल्यालाही राग येतोच की! मग त्याचा राग आणि हिचा राग वेगळा कसा ओळखायचा? कोणते वाक्य विचारले तर ते कळेल?

परवाच्या शनिवारी मांडवात दोन गाड्या थांबल्या होत्या आणि बाप एकटाच धावपळ करत होता. ती कापलेल्या कलिंगडाच्या फोडी लावता लावता थांबली होती. पुठ्ठ्यावर ओळीने दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस असे आकडे होते. प्रत्येकाला गोल केलेला, आणि आजूबाजूला खोडाखोडीचे रान माजलेले.

“ह्यां सगळी जायनत, सर,” ती म्हणाली. “बाकीची सगळी जातत. ही दुप्पट-दुप्पट जाणारीच जायनत. पण कित्याक?”

तिचे तिने इथवर आणले होते, माझ्या मदतीशिवाय. मला इतका आनंद झाला की मी पुढे झुकलो आणि म्हणालो, “बघ, लागोपाठचे आकडे घेतलेस, की त्यांत—”

“नको!” तिने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. कलिंगडाचा लाल रस तिच्या कोपरांवरून ओघळू लागला. डोळ्यांत पाणी होते, आणि राग. “सर, सांगू नकात! अजिबात सांगू नकात!”

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. “गो, गिऱ्हाईक!” बाप ओरडला. कान झाकलेले, तिला ऐकू गेले नाही. ती पुठ्ठ्याकडेच बघत होती.

उत्तर माझ्या जिभेवर येऊन थांबले होते. ते मी तसेच गिळले, उठलो, गिऱ्हाइकाला दोन फोडी कागदात बांधून दिल्या आणि गाडी चालू केली.